स्विच शेवटी विकत घ्या: कारखान्यात फायबर नेटवर्क पहिल्यांदा उभारणाऱ्यांसाठी

बडोद्याजवळच्या मकरपुरा, मंजुसर किंवा पोर-रमणगामडीच्या एखाद्या कारखान्यात नवीन इंजिनिअर म्हणून लागलात, की वर्षभरात हे काम तुमच्याकडे येतंच. नवी शेड उभी राहिलेली असते, तिथला पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) जुन्या कंट्रोल रूमशी जोडायचा असतो आणि साहेब म्हणतात, "फायबर टाकून घे, दोन स्विच मागव." इथेच पहिली चूक होते. कोटेशन आधी नेटवर्क स्विचचं मागवलं जातं, केबल ठेकेदार त्याच्या मनाने टाकतो, आणि दोन्ही हाताशी आल्यावर कळतं की एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

क्रम उलटा हवा. आधी अंतर, मग केबल, मग एसएफपी (स्विचला फायबर जोडणारा मॉड्यूल), आणि सगळ्यात शेवटी स्विच. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पीएलसी, आयपी ॲड्रेस आणि २४ व्होल्टची वायरिंग तुम्हाला माहीत आहे, असं धरलं आहे.

## १. फायबर हवंच आहे का?

तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. ही लांबी पॅचकॉर्डसकट (टोकांना लागणाऱ्या छोट्या केबलसकट) मोजायची आणि ट्रेमधून वर-खाली जाणारी केबलही धरायची. नकाशावरचं ७५ मीटर प्रत्यक्षात सहज ११० होतं.

अंतर कमी असलं तरी दोन ठिकाणी फायबरच घ्या. एक, केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलबरोबर किंवा वेल्डिंग लाइनजवळून जाणार असेल तर. काचेला विद्युत गोंगाट लागत नाही. दोन, दोन इमारतींच्या अर्थिंग वेगवेगळ्या असतील तर. पावसाळ्यात वीज जवळपास पडली की दोन अर्थिंगमधला व्होल्टेजचा फरक तांब्याच्या केबलमधून वाट काढतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जाळतो.

## २. अंतर मोजा आणि केबल ठरवा

टेप किंवा मेजरिंग व्हील घेऊन मार्गावरून स्वतः चाला. ठेकेदाराने सांगितलेला आकडा घेऊ नका. त्याचं बिल मीटरवर असतं. आलेल्या अंतरात प्रत्येक टोकाला ५ ते १० मीटरचा गुंडाळा धरा. पुढे टोक तुटलं, पॅनल सरकलं तर तोच कामाला येतो.

फायबर दोन जातींचं. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा, सिंगलमोडचा साधारण ९ मायक्रॉनचा. पॅचकॉर्डच्या रंगावरून ओळख पटते: पिवळा म्हणजे सिंगलमोड, नारिंगी म्हणजे जुना मल्टिमोड (ओएम१ किंवा ओएम२), फिकट निळसर-हिरवा म्हणजे ओएम३ किंवा ओएम४. जमिनीतून जाणाऱ्या केबलचं बाहेरचं आवरण मात्र बहुतेक काळंच असतं. तिथे आवरणावर छापलेली अक्षरं वाचावी लागतात.

नव्या कामाला ओएस२ दर्जाचं सिंगलमोड घ्या. "३०० मीटरसाठी सिंगलमोड कशाला?" असं कुणीतरी विचारेलच. केबलच्या भावात फार फरक नसतो, खर्च खोदाईत आणि मजुरीत जातो, आणि पुढे वेग वाढवायचा झाला तर सिंगलमोड अडवत नाही. मल्टिमोड अडवतो.

कसा, ते समजून घ्या, कारण जुन्या कारखान्यांत हाच सापळा सगळ्यात जास्त दिसतो. १०० एमबीपीएसचं १००बेस-एफएक्स मल्टिमोडवर २ किलोमीटर जातं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ६२.५ मायक्रॉनची केबल पंप हाउसपर्यंत ९०० मीटर टाकली आणि ती उत्तम चालली. आता स्विच जुना झाला म्हणून गिगाबिटचा घेतला, त्यात एसएक्स (मल्टिमोडवर कमी अंतराच्या) जातीचे एसएफपी लावले, आणि लिंक येत नाही. केबल धडधाकट आहे, पण गिगाबिट एसएक्स ६२.५ मायक्रॉनवर जेमतेम २२० ते २७५ मीटर आणि ५० मायक्रॉनच्या ओएम२ वर ५५० मीटर जातं. अशा वेळी सरळ मार्ग दोन: त्या लिंकवर १०० एमबीपीएसच ठेवा (पंप हाउसच्या पीएलसीला तेवढं पुरून उरतं), किंवा नवी सिंगलमोड टाका.

किती कोर? एका लिंकला २ लागतात. रिंग करायची (स्विच गोलाकार जोडायचे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहते) तर प्रत्येक ठिकाणी येणारी आणि जाणारी धरून ४. तरी १२ कोरची केबल घ्या. स्प्लाइस (दोन टोकं वितळवून केलेला सांधा) बिघडलेली, उंदराने कुरतडलेली, पुढच्या वर्षी कॅमेऱ्याला मागितलेली, अशी सगळी देणी त्यातूनच भागतात.

आर्मर की बिनधातूची? जमिनीतून किंवा उघड्या ट्रेमधून जाणार असेल तर पन्हळी पोलादी पट्टीचं आर्मर उंदरांपासून वाचवतं. पण तो धातू आहे, हे विसरू नका. फायबरमधून वीज जात नाही, आर्मरमधून जाते. आर्मर दोन्ही टोकांना पॅनलच्या बॉडीला बांधलं, की पहिल्या मुद्द्यात ज्या कटकटीतून सुटलात तीच परत आणलीत. एकाच टोकाला अर्थ करा, दुसऱ्या टोकाला कापून इन्सुलेट करा. अर्थिंगबद्दल फारच शंका असेल तर एफआरपी (फायबरग्लास) रॉडची बिनधातूची केबल घ्या आणि ती एचडीपीई पाइपमधून न्या.

दोन शेडच्या मध्ये हवेतून केबल ओढायचा मोह होतो, स्वस्त पडतं म्हणून. बडोद्यात हे करण्याआधी १४ आणि १५ जानेवारी आठवा. अडकलेला पतंग काढायला पोरं काठी घालतात आणि दोरा ओढतात. पातळ फायबर केबलचा त्यापुढे निभाव लागत नाही. हवेतूनच न्यायची असेल तर स्टीलच्या तारेला बांधून, आणि मुख्य लाइनसाठी नाहीच.

## ३. एसएफपी निवडा आणि प्रकाशाचा हिशेब मांडा

एसएफपी म्हणजे स्विचच्या खाचेत बसणारा बोटाएवढा मॉड्यूल. विजेचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशाचा विजेत बदलणं, हे त्याचं काम. नवख्याचा घोटाळा इथे होतो, कारण सगळे दिसायला सारखे. ऑर्डर देण्यापूर्वी पाच गोष्टी जुळवा: वेग, फायबरची जात, तरंगलांबी, पल्ला आणि तापमान.

वेग: १०० एमबीपीएसचा एसएफपी गिगाबिटवर चालत नाही, आणि उलटही नाही. काही स्विचचे पोर्ट दोन्ही घेतात, काही फक्त गिगाबिट. डेटाशीटमध्ये ते स्पष्ट शोधा; नाही सापडलं तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

तापमान: ऑफिससाठीचा एसएफपी ० ते ७० अंशांचा, औद्योगिक −४० ते ८५ चा. मे महिन्यात इथे बाहेर ४२-४४ अंश असतं. पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पॅनलमध्ये, ट्रान्सफॉर्मर आणि एसएमपीएसच्या (२४ व्होल्ट देणाऱ्या पुरवठ्याच्या) शेजारी, आकडा कुठे जातो ते थर्मामीटर ठेवून एकदा बघा. −४० ते ७५ चा स्विच घेऊन त्यात साधा एसएफपी लावणं ही नेहमीची काटकसर. दुपारी तीनला लिंक जाते आणि संध्याकाळी आपोआप येते, अशी तक्रार आली की आधी एसएफपीच्या अंगावरचा नंबर तपासा.

पल्ला: जास्त पल्ल्याचा एसएफपी म्हणजे चांगला एसएफपी, हा गैरसमज. ८० किलोमीटरवाला एसएफपी ५०० मीटरवर लावला तर समोरचा रिसीव्हर उजेडाने दिपून जातो, वाचू शकत नाही, कधी कायमचा खराबही होतो. लावायचाच झाला तर मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर हवा. कारखान्याच्या आवारात १० किलोमीटरचा १३१० नॅनोमीटरवाला एलएक्स जातीचा एसएफपी पुरतो.

एकाच कोअरवर चालणारे बायडाय एसएफपीही मिळतात. ते जोडीनेच घ्यायचे: एका टोकाला १३१० पाठवणारा आणि १५५० घेणारा, दुसऱ्या टोकाला बरोबर उलटा. दोन्ही एकसारखे आले तर लिंक कधीच येणार नाही. स्टोअरमध्ये स्पेअर ठेवतानाही एकेक ठेवा.

आता हिशेब. समजा कंट्रोल रूम ते पंप हाउस १२०० मीटर, सिंगलमोड, १३१० नॅनोमीटर. दोन्ही टोकांना एलआययू, म्हणजे फायबर संपवून पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला छोटा तुकडा) जोडायचा डबा. प्रकाशाची घट डीबीमध्ये मोजतात, प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये.

- केबल: १.२ किमी × ०.४ डीबी = सुमारे ०.५ डीबी
- एलआययूमधले कनेक्टर जोड: २ × ०.७५ = १.५ डीबी
- स्प्लाइस: २ × ०.१ = ०.२ डीबी
- एकूण लॉस: २.२ डीबी

एलएक्स एसएफपीच्या डेटाशीटवर साधारणपणे किमान पाठवण्याची ताकद −९.५ डीबीएम आणि रिसीव्हरची संवेदनशीलता −२० डीबीएम अशी असते. म्हणजे हाताशी १०.५ डीबी. त्यातून २.२ गेले, ८.३ उरले. म्हातारपण, धूळ आणि पुढे पडणारी एखादी जादा स्प्लाइस यांसाठी ३ डीबी बाजूला ठेवा. तरीही भरपूर आहे. हा कागद फायलीत लावा, कारण पुढे मोजलेला आकडा याच्याशीच ताडायचा आहे.

डीडीएम असलेलेच एसएफपी घ्या. येणारा प्रकाश किती डीबीएम आहे, ते मग स्विचच्या स्क्रीनवरच दिसतं. आणि स्विच परक्या ब्रँडचा एसएफपी स्वीकारतो का, हे आधीच विचारा. काही स्विच तो ओळखून पोर्टच बंद करतात.

## ४. आता स्विच

इथवर आलात की स्विच जवळजवळ स्वतःच ठरतो. किती फायबर पोर्ट, कोणत्या वेगाचे, किती तांब्याचे, हे कागदावर आलेलंच असतं. तांब्याचे दोन पोर्ट मोकळे राहतील असा घ्या.

दोन टोकं जोडायची, रिंग नाही, मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारा डेटा) नाही, तर अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग नसलेला, चालतो. रिंग असेल, इथरनेट/आयपी किंवा प्रोफिनेट हा औद्योगिक प्रोटोकॉल असेल, किंवा बिघाड कुठे आहे हे जागेवरून न उठता बघायचं असेल, तर मॅनेज्ड. मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांबं जोडणारा छोटा डबा) लावून पैसे वाचवायचे असतील तर लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेलाच घ्या. तो नसेल तर फायबर तुटलं तरी तांब्याच्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो, आणि रिंगमधल्या स्विचला लिंक गेल्याचा पत्ताच लागत नाही.

कॅमेऱ्यांना पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) द्यायचं असेल तर पुरवठा तपासा. पीओईला ४४ व्होल्टच्या वर लागतं. २४ व्होल्टवर चालणाऱ्या स्विचमध्ये आत बूस्ट सर्किट नसेल तर ४८ व्होल्टचा वेगळा एसएमपीएस घ्यावा लागतो. खरेदीची ऑर्डर पाठवल्यावर हे आठवतं.

नंदेसरीसारख्या रासायनिक पट्ट्यात बसवणार असाल तर दोन गोष्टी जास्तीच्या: बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक थर), आणि जागा हॅझार्डस झोनमध्ये, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या भागात, येत असेल तर त्या झोनसाठी पेसोची (स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची) मान्यता असलेलं एन्क्लोजर. हा निर्णय एकट्याने घेऊ नका, सेफ्टी विभागाची सही घ्या.

## ५. कागद आणि हत्यारं

कागद: प्लँट लेआउट, केबल शेड्यूल, आयपी ॲड्रेसची यादी, एसएफपी आणि स्विचच्या डेटाशीट, वरचा प्रकाशाचा हिशेब, खोदाईचं आणि उंचीवरच्या कामाचं वर्क परमिट.

हत्यारं: फ्यूजन स्प्लायसर, क्लीव्हर (काच सरळ कापणारा), स्ट्रिपर आणि ओटीडीआर (कोरमध्ये कुठे किती लॉस आहे त्याचा आलेख काढणारं यंत्र) ठेकेदार आणतो. तुमच्याकडे स्वतःचे असायला हवेत ते पॉवर मीटर, लाइट सोर्स, कोर तुटली आहे का ते दाखवणारा लाल प्रकाशाचा व्हीएफएल, कनेक्टर पाहायचा स्कोप, एका दाबात पुसणारा क्लिक क्लीनर, ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे वाइप्स. यादी लांब वाटली तरी स्कोप आणि क्लीनर सोडू नका.

एक सावधगिरी. एसएफपीतून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. म्हणून "चालू आहे का बघू" म्हणत टोक डोळ्यांसमोर धरू नका. मोबाईलचा कॅमेराही १३१० नॅनोमीटर दाखवत नाही. काचेचे कापलेले तुकडे झाकणाच्या डबीत टाका. ते कातडीत शिरले की सापडत नाहीत, आणि त्याच टेबलावर कुणीतरी डबा उघडून जेवायला बसतो.

## ६. केबल ओढणं आणि स्प्लायसिंग

ड्रम आला की टाकण्याआधी ओटीडीआरवर प्रत्येक कोर तपासून घ्या. वाहतुकीत मोडलेली केबल चरात पुरली, की भांडण कधी संपत नाही.

ओढताना केबलच्या व्यासाच्या २० पटींपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. बसवल्यावर १० पट. १२ मिलिमीटरची केबल असेल तर ओढताना २४० मिलिमीटर, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाची त्रिज्या नव्हे, तिच्या दुप्पट. केबल आतल्या ताकदीच्या धाग्याला धरून ओढा, आवरणाला नाही. चरात केबलच्या वर वॉर्निंग टेप घाला आणि वळणावर मार्कर लावा. जेसीबीवाल्याला तुमचा नकाशा कुणी दाखवत नाही.

रिंग असेल तर इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: रिंगची जाणारी आणि येणारी बाजू एकाच चरातून जाते आहे का? कागदावर रिंग, आणि जमिनीत मात्र एकच केबल, त्यातले दोन कोर जाणारे, दोन येणारे. फावड्याचा एक घाव आणि दोन्ही बाजू एकदमच गेल्या. दुसरी बाजू दुसऱ्या रस्त्याने न्या, निदान दुसऱ्या भिंतीवरच्या ट्रेमधून तरी.

स्प्लायसिंग ठेकेदाराचा माणूस करतो, तुम्ही शेजारी उभे राहा. प्रत्येक कोअरला क्लीव्ह नवा, टोक पुसलेलं, स्लीव्ह आधीच ओवलेली. मशीनवर दिसणारा ०.०२ डीबी हा कॅमेऱ्याने बांधलेला अंदाज असतो. खरा आकडा ओटीडीआर सांगतो. रंगांचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. दोन्ही टोकांना हाच क्रम पाळला आहे ना, ते एलआययू बंद होण्याआधी मोजा.

कनेक्टरचं अंग निळं म्हणजे सरळ टोकाचं यूपीसी, हिरवं म्हणजे तिरप्या कापाचं एपीसी. हिरव्याला निळं जोडू नका. बसतं, पण दोन टोकांमध्ये फट राहते, लॉस वाढतो आणि टोकं खरचटतात. औद्योगिक एसएफपीला यूपीसी लागतं.

## ७. पुसा

सिंगलमोडचा गाभा ९ मायक्रॉन. धुळीचा एक कण त्यावर बसला की झाकला जातो. बोट लागलं तर तेल बसतं, आणि ते दाबून समोरच्या टोकालाही लावलं जातं. म्हणून नियम सोपा: स्कोपने बघा, पुसा, पुन्हा बघा, मग जोडा. नवीन पाकिटातला पॅचकॉर्डही पुसायचा. टोपी आतून स्वच्छ असेलच असं नाही. आधी कोरडं पुसा. डाग गेला नाही तर अल्कोहोलने, आणि लगेच पुन्हा कोरडं. फुंकर मारू नका, शर्टाच्या बाहीने तर अजिबात नाही.

"लिंक येत नाही" म्हणून सुरू झालेल्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

## ८. मोजा, आणि "लाइट आवे छे" वर सही करू नका

ठेकेदाराचा माणूस एका टोकाला व्हीएफएल लावतो, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसतो, आणि तो गुजरातीत हाक मारतो, "साहेब, लाइट आवे छे!" म्हणजे उजेड येतोय. त्याच्या दृष्टीने काम संपलं. लाल ठिपक्याने एवढंच कळतं की कोर तुटलेली नाही आणि क्रमांक चुकलेला नाही. लॉस किती, ते कळत नाही.

लाइट सोर्स आणि पॉवर मीटरने प्रत्येक कोअरचा लॉस मोजा. आधी दोन्ही यंत्रं एका छोट्या पॅचकॉर्डने जोडून संदर्भ आकडा शून्य करून घ्या, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. वरच्या उदाहरणात २.२ डीबीच्या आसपास किंवा कमी यायला हवा. ४ आला तर कुठेतरी घाण किंवा बिघडलेली स्प्लाइस आहे. चालेल, पण सोडू नका.

ओटीडीआर १३१० आणि १५५० दोन्हींवर घ्यायला सांगा. एखाद्या जागी १३१० वर नगण्य लॉस आणि १५५० वर मोठा, असं दिसलं तर तिथे केबल वाकली किंवा दाबली गेली आहे; बहुधा ट्रेच्या कोपऱ्यात किंवा घट्ट आवळलेल्या केबल टायखाली. दोन्हींवर सारखाच लॉस असेल तर स्प्लाइस किंवा कनेक्टर. लाँच केबल (ओटीडीआर आणि लाइनच्या मध्ये लावायची जादा केबल) लावल्याशिवाय घेतलेला आलेख परत करा. पहिला कनेक्टर त्यात दिसतच नाही.

## ९. पॅनलमध्ये बसवणं

३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर, वर-खाली हवा खेळेल एवढी जागा सोडून. पॅनल जमिनीलगत नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं, ते कारखान्यातला कुठलाही जुना माणूस दाखवेल; त्याच्या वर बसवा.

बहुतेक औद्योगिक स्विचना २४ व्होल्टचे दोन इनपुट असतात. दोन्हींना एकाच एसएमपीएसमधून लूप दिलेली पॅनलं इतकी दिसतात की तीच पद्धत आहे असं वाटावं. दुसरा इनपुट दुसऱ्या एसएमपीएसमधूनच द्या. अलार्म रिले पीएलसीच्या डिजिटल इनपुटला जोडा, म्हणजे एक पुरवठा गेला की एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) दिसेल. नाहीतर पहिला पुरवठा कधी गेला ते दुसरा गेल्यावरच कळतं.

## १०. सेटिंग

कारखान्यातून आलेल्या सगळ्या स्विचना सहसा एकच आयपी असतो. म्हणून एका वेळी एकच स्विच लॅपटॉपला जोडा. आयपी, नाव, पासवर्ड आणि वेळेचा सर्व्हर भरा. टेलनेट बंद करा, न वापरलेले पोर्ट बंद करा. सेव्ह करा. ॲप्लाय आणि सेव्ह ही बऱ्याच स्विचमध्ये दोन वेगळी बटणं असतात, आणि वीज गेल्यावर त्यातला फरक कळतो.

मल्टिकास्टसाठी आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टलाच देणं) चालू करत असाल तर नेटवर्कमध्ये एका स्विचला क्वेरियर (कुणाला हवंय ते ठरावीक वेळाने विचारणारा) करा. क्वेरियर नसेल तर सगळं सुरळीत सुरू होतं आणि साधारण २६० सेकंदांनी आय/ओ (पीएलसीला जोडलेले इनपुट-आउटपुट) गायब होतात, कारण ग्रुपची नोंद तेवढ्या वेळात बाद होते. सव्वाचार-साडेचार मिनिटांनी पडणारं नेटवर्क दिसलं तर हेच बघा.

रिंग: एमआरपी आणि आरएसटीपी या लूप टाळून तुटल्यावर दुसरी वाट उघडणाऱ्या दोन पद्धती. एमआरपीमध्ये एकच मॅनेजर, बाकी सगळे क्लायंट. रिंगच्या पोर्टवर आरएसटीपी बंद. दोन्ही एकाच पोर्टवर राहिले तर ते एकमेकांशी भांडतात. सेटिंग पूर्ण होईपर्यंत रिंगची एक केबल काढून ठेवा. सगळ्या स्विचमध्ये सेटिंग भरून, सेव्ह करून, मगच ती जोडा. आधी जोडली तर लूप होतो, ब्रॉडकास्टचा पूर येतो आणि चालू प्लँटचे पीएलसी दगडासारखे गप्प होतात.

एमआरपीऐवजी आरएसटीपी वापरत असाल तर रूट स्विच तुम्ही ठरवा. प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते. ज्याला रूट करायचं त्याला ४०९६ द्या. नाही दिली तर सगळ्यात लहान मॅक ॲड्रेसवाला रूट होतो, आणि तो पुष्कळदा कोपऱ्यातला सगळ्यात जुना स्विच असतो.

## ११. रिंग तोडून बघा

कमिशनिंगच्या दिवशी प्रत्येक लिंक एकेक करून उपसा, पिंग चालू ठेवून. पण फक्त पिंगवर समाधान मानू नका. पीएलसीचं आय/ओ फॉल्टमध्ये जातं का ते बघा.

प्रोफिनेटमध्ये हे हमखास होतं. ५० स्विचपर्यंतच्या एमआरपी रिंगला सावरायला २०० मिलिसेकंद लागू शकतात. तुमच्या आय/ओचा अपडेट टाइम २ मिलिसेकंद आणि वॉचडॉग (डेटा आला नाही तर वाट बघायची मुदत) ३ पट असेल तर डिव्हाइस ६ मिलिसेकंदांतच हार मानतं. रिंग नंतर व्यवस्थित सावरते, पण मशीन तोवर थांबलेलं असतं, आणि दोष स्विचवर येतो. अपडेट टाइम आणि वॉचडॉगचा गुणाकार २०० मिलिसेकंदांच्या वर न्या. व्हॉल्व्ह, लेव्हल, तापमान यांना ते चालतं. वेगवान ड्राइव्हला चालत नसेल तर तो त्या रिंगवर नकोच, किंवा मग पीआरपी-एचएसआरसारखी शून्य वेळेत बदलणारी पद्धत हवी. तिचा खर्च वेगळ्या मापाचा असतो.

## १२. लिंक येत नाही तेव्हा

दोन्ही दिवे बंद: पाठवणारी आणि घेणारी कोर एकाच टोकाला अदलाबदल करून बघा. दोन्ही टोकांना बदललीत तर जिथे होतात तिथेच आलात. मग एसएफपीचा वेग आणि तरंगलांबी जुळवा.

एका टोकाला दिवा, दुसऱ्याला नाही: एक कोर तुटलेली किंवा घाण आहे. गिगाबिटवर असाल तर एका बाजूला ऑटो-नेगोशिएशन चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद, हेही कारण असतं.

दिवा आहे, पण सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढतात: डीडीएमवर येणारा प्रकाश वाचा. हिशेबातल्या आकड्यापेक्षा ४-५ डीबी कमी असेल तर पुसा. −४० च्या आसपास असेल तर प्रकाशच येत नाही. उलट −३ च्या वर असेल तर फार पल्ल्याचा एसएफपी लागला आहे. १००बेस-एफएक्समध्ये ऑटो-नेगोशिएशन नसतं, म्हणून दोन्ही बाजूंना फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) हातानेच लावलं आहे का, ते बघा.

दिवे सगळे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि पिंग जात नाही: लूप. शेवटची जोडलेली केबल काढा, आणि ती कुणी कशासाठी जोडली होती ते शोधा. बहुधा कुणीतरी लॅपटॉपसाठी अनमॅनेज्ड स्विच लावून त्याचे दोन पोर्ट एकाच पॅनलला दिलेले असतात.

एसएफपी बदलायची वेळ आली तर काढलेल्यावर तारीख आणि पोर्टचा नंबर लिहून वेगळ्या डब्यात ठेवा. चांगल्या स्पेअरच्या डब्यात परत टाकलेला बाद एसएफपी पुढच्या माणसाची रात्रपाळी खातो.